परिवार ग्रुप : विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता

दादा : पोराच्या शाळेत प्रदर्शन हाये. विषय माणसाची उत्पत्ती. गुरुजी म्हणतात, नुसती चित्रं नको, पुरावा मांड. काकाजी, ताई, काय ठेवावं सांगा न.

काकाजी : माकड वाकलेलं आन् शेवटी माणूस उभा, ते चित्र तर अजिबात लावू नका. आजचं वानर आपला पूर्वज नाही, दोघांचा पूर्वज एक. पेशीला ऊर्जा बनवायला लागणारं सायटोक्रोम-सी हे प्रथिन घ्या. युनिप्रॉट या प्रथिनांची माहिती देणाऱ्या साइटवर माणसासाठी पी९९९९९, चिंपांझीसाठी पी९९९९८, ऱ्हीसस माकडासाठी पी००००२ शोधा, तिन्ही बास्केटमध्ये टाका, अलाइन दाबा, म्हणजे तिन्ही साखळ्या एकाखाली एक दिसतील. या प्रथिनाच्या साखळीत अमिनो आम्लं १०४. चिंपांझीशी फरक शून्य, ऱ्हीससशी एक. तो फरक पुस्तकात ५८व्या जागी दिसेल, पडद्यावर ५९व्या. कारण साइट सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्लही मोजते, जे प्रथिन तयार होताना गळून जाते. तक्त्यावर हे लिहाच, नाहीतर परीक्षक अडवतील.

मामा : पण काम एकच असलं तर प्रथिन सारखंच राहीन न? त्यात नातं कुठून आलं?

ताई : मामाजी, शंका बरोबर हाये. म्हणून कामाचं नाही, बिघडलेलं दाखवायचं. क जीवनसत्त्व तयार करायच्या शेवटच्या पायरीला गुलो नावाचा जीन लागतो. गाय, बकरी, उंदीर यांच्यात तो चालू. आपल्यात तो आठव्या गुणसूत्रावर तुटक्या अवस्थेत पडून आहे. चिंपांझीत बंद, शिवारातल्या वानरातही बंद. लेमर या माकडाच्या दूरच्या नातलगात मात्र चालू. म्हणजे बिघाड लेमरची शाखा वेगळी झाल्यावरचा. दोन सातबाऱ्यांवर एकाच ओळीत तीच चूक दिसली, तर दोन्ही एकाच नोंदीवरून उतरवले असंच आपण म्हणतो.

मामा : गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बाहेरूनच लागते म्हणतात. मग तो बी आपला जवळचा?

ताई : नाही. त्याचाही गुलो बंद आहे, पण मोडतोड वेगळी, गहाळ भागही सगळे तेच नाहीत. तो स्वतंत्रपणे बिघडला. "जीन बंद" एवढंच लिहून चालत नाही, कुठं आन् कसा मोडला ते हवं.

काकाजी : दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्रही ठेवा. आपली ४६, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांची ४८. गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी अशी अक्षरं पुन्हापुन्हा येतात. आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मधोमध अशी दोन टोकं समोरासमोर चिकटलेली १९९१ मध्ये सापडली. त्याच गुणसूत्रावर निकामी झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरचे, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथं धरलं जातं त्या जागेचे, अवशेषही आहेत.

ताई : काकाजी, इथं एक सांभाळून. जोड नुसती दाखवली तर एवढंच ठरते की आपल्या वंशात दोन गुणसूत्रं जुळली. नातं कळते ते रंग दिल्यावर गुणसूत्रावर दिसणाऱ्या पट्ट्यांवरून. चिंपांझीची २अ आन् २ब ही दोन गुणसूत्रं शेजारी लावली की पट्ट्यांचा आन् जीनचा क्रम आपल्या दुसऱ्याशी जुळतो. तिन्ही एकाच मापात काढा.

दादा : आन् माणसाचा आन् चिंपांझीचा डीएनए ९८ टक्के सारखा म्हणतात ते?

ताई : लिहायचं तर पूर्ण लिहा. जे भाग एकमेकांसमोर ठेवता येतात, त्यात अक्षराच्या जागी दुसरं अक्षर आलं असा फरक सुमारे १.२ टक्के. गळालेले आन् घुसलेले तुकडे त्यात धरलेले नाहीत, ते धरले की फरक वाढतो.

काकाजी : जागा कमी पडली तर टक्के गाळा, गुलो मोठा ठेवा. लेमर आन् गिनीपिग दोन्ही त्यात पाहिजेतच.