मंडळासाठी लॉटरीची ग्रँट घ्यावी का? (आमच्यात दोन तट पडलेत)

शनिवारची बाई
मंडळी, इंग्लंडात मिडलँड्समधल्या एका गावात आमचं साठेक घरांचं छोटंसं मराठी मंडळ आहे. मुलांकडे राहायला आलेले आजीआजोबा आता बरेच झालेत, इंग्रजी जेमतेम, बसचं गणित जमत नाही, मग नोव्हेंबर ते मार्च घरात हीटरशेजारी बसून राहायचं. तर दर गुरुवारी दुपारी त्यांना हॉलवर आणायचं, गरम जेवण, थोडे पत्ते, थोडी गाणी असा बेत आहे. हॉलचं भाडं, शिधा, मिनीबस मिळून वर्षाचे आठ-नऊ हजार पौंड होतात आणि आमच्या वर्गणीत गणपती-दिवाळीच कशीबशी निघते.

नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड, म्हणजे लॉटरीच्या तिकिटांतला काही पैसा सामाजिक कामांना वाटणारी संस्था, तिची अवॉर्ड्स फॉर ऑल नावाची स्कीम आहे, आधी १० हजारापर्यंत द्यायचे, आता ३०० पासून २०,००० पौंडांपर्यंत देतात, लहान मंडळांसाठीच आहे. मी फॉर्म उघडला, मीटिंगमध्ये वाचून दाखवला, तर आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "जुगाराच्या पैशाची आमटी मी खाणार नाही." विषय तिथेच थांबला. माझं मत स्पष्ट आहे, घ्यावेत. तुमचं?

खडूस काका
घेऊ नयेत. मी २२ वर्षं इथे कोपऱ्यावरचं दुकान चालवलंय त्यामुळे तिकीट कोण घेतं ते मला कोणी सांगायला नको. एक बाई यायची, दोन मुलं बरोबर, दूध-ब्रेड काउंटरवर ठेवायची, पर्समधली चिल्लर मोजायची आणि मग ब्रेड परत फळीवर ठेवून लॉटरीचं स्क्रॅचकार्ड घ्यायची. तिथेच उभी राहून नाण्याने खरवडायची. ती चंदेरी भुकटी मी संध्याकाळी फडक्याने पुसायचो. तुमच्या गुरुवारच्या वरणात तो ब्रेड आहे एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

आकडेमोड
काका, भावना पोचल्या पण हिशोब बघू. लॉटरी १९९४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तेव्हापासून सगळं मिळून ५० अब्ज पौंडांच्या आसपास पैसा अशा कामांना गेलाय. विक्रीतला निम्म्याहून जास्त पैसा बक्षिसात जातो, १२ टक्के सरकारी कर, दुकानदाराला ५ टक्क्यांच्या आसपास कमिशन, आणि साधारण पाव हिस्सा सामाजिक कामं, खेळ, कला, वारसा यांना. तुमच्या मंडळाने नाही घेतले तर ती बाई खरवडायची थांबणार आहे का? तो पैसा आधीच गोळा झालाय, तो शेजारच्या बोलिंग क्लबाला जाईल इतकंच.

आणि हलकेच घ्या पण त्या चंदेरी भुकटीतले चार पैसे २२ वर्षं तुमच्याही गल्ल्यात पडले की :)

खडूस काका
पडले. म्हणूनच सांगतोय.
पाव हिस्सा म्हणता तो सगळं सरासरी धरून, स्क्रॅचकार्डवर सामाजिक कामांचा वाटा ड्रॉच्या तिकिटापेक्षा बराच कमी असतो आणि माझ्याकडे गरिबाच्या हातात जास्त करून कार्डच दिसायचं. ड्रॉचं म्हणाल तर पूर्वी ४९ आकड्यांतले सहा जुळवायचे होते, जॅकपॉट लागायची शक्यता १ कोटी ४० लाखांत एक, २०१५ पासून ५९ केले, ती झाली साडेचार कोटींत एक. तिकीट १ पौंडाचं २ पौंड झालं ते २०१३ लाच. म्हणजे दाम दुप्पट, आशा एक तृतीयांश.

नर्मदेची गोटी
काकांना +१, पण माझा मुद्दा वेगळा. जुगार वगैरे ठीक आहे हो, सत्यनारायणाच्या पूजेनंतर तीन पत्ती खेळणारे आपण, उगाच सोवळं नको. मला खटकतं ते हे की म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण आणि चार माणसांची सोबत हे काउन्सिलचं काम होतं. माझ्या सासूबाई ज्या डे सेंटरला जायच्या ते कपातीत बंद झालं, आता त्याच इमारतीत तीन वेगवेगळ्या संस्था लॉटरीच्या पैशावर तेच करतात, फक्त दरवर्षी नव्याने हात पसरून. लॉटरी आली तेव्हा सांगितलं होतं की सरकारी खर्चाच्या वर जादाचं काही करायला हा पैसा आहे, सरकारच्या बदली नाही. आता जादाचं कुठलं आणि बदलीचं कुठलं ओळखून दाखवा.

आकडेमोड
हा मुद्दा मान्य. पण मग राग काउन्सिलवर काढा ना, आजींच्या पानावर का?

लेस्टरची लेक
मला उलट वाटतं की आपल्यासारख्यांनीच हे पैसे मागायला हवेत. सुरुवातीला हा पैसा कुठे गेला आठवा, १९९५ ला रॉयल ऑपेरा हाऊसला ७ कोटी ८५ लाख पौंड, त्याच वर्षी चर्चिलची कागदपत्रं त्याच्या घरच्यांकडून विकत घ्यायला सव्वा कोटी, मग लंडनमधला तो प्रदर्शनाचा भलामोठा मिलेनियम डोम, त्यात ६० कोटींच्या वर. तिकीट घेणारा कोपऱ्यावरच्या दुकानात आणि ऑपेरा बघणारा भलताच. काकांच्या त्या बाईच्या गल्लीत, त्याच पोस्टकोडमध्ये, एखादं गरम जेवण परत येत असेल तर ते डोमपेक्षा बरं नाही का? फक्त एक अट, गुरुवारचं जेवण मराठी माणसांपुरतं ठेवू नका, शेजारच्या एकट्या बायकांनाही बोलवा. फंडवालेही तेच विचारतात.

खडूस काका
हे पटण्यासारखं आहे. पूर्ण नाही, अर्धं.

डोंबिवली फास्ट नाही स्लो
इकडून एक पिंक. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, मटक्याला सरकारी पर्याय म्हणून आणली. माझे वडील दर महिन्याला एक तिकीट घ्यायचे आणि पंचांगात घालून ठेवायचे, ते गेल्यावर पंचांगं आवरताना ढीग निघाला, एकही लागलेलं नाही. पण तो पैसा सरकारी तिजोरीत जातो, तिथून पुढे कुठे गेला आपल्याला दिसत नाही, गल्लीतल्या वाचनालयाने अर्ज करावा अशी खिडकीच नाही. केरळवाल्यांनी निदान कारुण्य नावाची लॉटरी काढून त्या नफ्यातून गरीब पेशंटच्या कॅन्सर-किडनीच्या उपचारांना पैसे दिले. तुमच्याकडे फॉर्म आहे, तर भरा की. वडिलांच्या तिकिटांचा एक रुपया कुठल्या बाकड्याला लागला हे कळलं असतं तर आईला बरं वाटलं असतं.

नर्मदेची गोटी
स्लो भाऊ, नेमका हाच तर सापळा आहे. बाकडं दिसलं की तिकीट घेणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. जाहिरातीतही तेच दाखवतात. दान करायचं तर सरळ दान करा, त्याला साडेचार कोटींत एकचं आमिष कशाला?

डोंबिवली फास्ट नाही स्लो
सरळ दान मागून मंडळाची वर्गणी किती जमते ते वर बाईंनी लिहिलंय ना.

फॉर्मभरू
तात्त्विक चालू दे, मी व्यवहाराचं सांगतो, आमच्या मंडळाने दोनदा अर्ज केलाय, एकदा नाकारला, एकदा मिळाला. पहिल्यांदा का अडकलो? कमिटीत किमान दोन माणसं अशी लागतात की ज्यांचं आपसात लग्न किंवा रक्ताचं नातं नाही आणि जी एका घरात राहत नाहीत, बँकेच्या खात्यालाही तशाच दोन सह्या. आमच्याकडे अध्यक्ष नवरा, खजिनदार बायको, सेक्रेटरी मेव्हणा! वर्षानुवर्षं चालू होतं, कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की हे बाहेरून कसं दिसतं. ग्रँट मिळाली नसती तरी ती एक साफसफाई झाली हेच मोठं. बाकी, लेखी घटना लागेल, आजीआजोबा आहेत म्हणजे सेफगार्डिंग पॉलिसी (त्यांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम) लागेल, उत्तराला तीन-चार महिने धरा, आणि त्यात गणपती घुसवू नका, धार्मिक कार्यक्रमाला पैसे देत नाहीत. मोदक जेवणात चालतात.

अवांतर: पैसे मिळाले की बोटं एकमेकांत अडकवलेला तो हसरा लोगो लावावा लागतो. आमच्या हॉलच्या दारावर सरस्वतीच्या फोटोशेजारी लागलाय. एका आजोबांनी विचारलं, ही कुठली मुद्रा?

लेस्टरची लेक
मुद्रा! मेले :D

शनिवारची बाई
सगळ्यांना धन्यवाद. काल त्या ज्येष्ठ काकांकडे मुद्दाम गेले, चहा झाला, भांडायच्या तयारीने गेले होते पण त्यांनी जे सांगितलं ते ऐकून गप्प बसले. त्यांच्या थोरल्या भावाने आकड्यापायी मुंबईतली खोली घालवली, वडिलांनी तेव्हापासून घरात पत्त्याचा जोडसुद्धा ठेवू दिला नाही. मी म्हटलं, अर्ज मागे घेऊ का? म्हणाले, "अर्ज कर. बाकीच्यांना उपाशी कशाला ठेवतेस. मी येईन गुरुवारी, पण डबा घरून आणीन."

तर अर्ज करतेय. स्क्रॅचकार्डाचं खडूस काकांचं मात्र डोक्यातून जात नाहीये, काल दुकानात रांगेत उभी असताना पुढच्या माणसाच्या हाताकडेच बघत होते.

फॉर्मभरू, तुमचं वाचून कमिटीची यादी काढली. पाच जण, त्यात दोन जोडपी आणि मी. आणि त्यातल्या एका जोडप्यातली वहिनी माझी सख्खी मावसबहीण. हे चालतं का?

फॉर्मभरू
दोन जणं बिननात्याची निघताहेत, पण मावसबहिणीला आणि तिच्या मिस्टरांना सह्यांपासून लांब ठेवा. दुसऱ्या जोडप्यातला एक आणि तुम्ही, अशा सह्या करा.

खडूस काका
खजिनदार बाहेरचा हवा असेल तर बोला. दुकान विकलंय, वेळ आहे, चिल्लर मोजायची सवय आहे.