रफ वहीपण न्या की

वर कोणीतरी लिहिलंय की आर्ट कॉलेजच्या प्रवेशासाठीच्या पोर्टफोलिओत (म्हणजे आपल्या चित्रांच्या फाइलीत) फक्त फिनिश केलेली कामं ठेवायची, रफ काही दाखवायचं नाही. अजिबात पटलं नाही. माझ्या भाचीने क्लासवाल्यांच्या सांगण्यावरून सगळी चकाचक स्टिल लाइफं लावली होती, तीच बाटली, तेच सफरचंद, तोच घड्या पडलेला पडदा, आणि बाहेर बसलेल्या आणखी चार मुलांच्या फायलीतही तेच!! इंटरव्ह्यूत मॅडमनी भराभर पानं उलटली आणि विचारलं, स्केचबुक आणलंय का? नशीब पिशवीत होतं. दादर स्टेशनवर बसून काढलेले हमाल, झोपलेली माणसं, अर्धवट हात, खोडलेल्या रेघा असलं सगळं, पण पुढची वीस मिनिटं त्यावरच बोलणं झालं.

आणि एक गोष्ट इथे कोणीच बोललं नाही, चारकोलची चित्रं फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) न मारता फाइलमध्ये घालू नका, समोरच्या पानावर सगळं काळं उतरतं (आमचं एक पोर्ट्रेट असंच गेलं), मधे बटर पेपर घालाच. ऑनलाइन पाठवायचं असेल तर फ्लॅश बंद, पेन्सिलचं ग्रॅफाइट चमकतं आणि गडद भाग फोटोत पांढरट दिसतो, खिडकीजवळ थेट ऊन नसेल तिथे काढा. बाकी महाराष्ट्राच्या बीएफए सीईटीसाठी (फाइन आर्ट्स पदवीची प्रवेश परीक्षा) जीव तोडून तयारी करत असाल तर तिथे पोर्टफोलिओ नाही, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन आणि जीके असतं, त्यामुळे आधी घड्याळ लावून सराव.