प्रतिसाद : गाडी तापली की बंद पडते

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) तीनदा साफ करून झाला म्हणताय, तरी वीस मिनिटांनी गाडी बंद, आणि अर्धा तास थांबलं की पहिल्या किकला चालू. आता कार्बोरेटरला जरा सुखानं जगू द्या!

पुढच्या वेळी बंद पडली की ढकलत नेऊ नका, तिथेच स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडतो तो) काढून बघा. (हातमोजा घाला, चटका बसतो.) प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. आधी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. फुकटातलं काम.

प्लग ओला असेल तर करंटची बाजू बघा. नवा प्लग कॅपमध्ये (प्लगवर बसणारी, वायरच्या टोकाची टोपी) घालून, त्याचा धातू हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) टेकवून किक मारा. जुन्या प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी पिवळट, मरतुकडी किंवा गायबच असेल तर दोष इग्निशन कॉइलमध्ये (ठिणगीसाठी जोराचा करंट बनवते ती) नाहीतर पिकअप कॉइलमध्ये (ठिणगी कधी पडायची याचा इशारा देते ती). आतली बारीक तार तापून फाकते, थंड झाली की परत टेकते. म्हणून गॅरेजमध्ये मीटर लावला की सगळं ठीक दिसतं. रीडिंग गरम असतानाच घ्या. माझे दोन महिने यातच गेले. दोष शेवटी प्लग कॅपमध्ये निघाला.

आणि हो, कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये (कमी वेगात पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तार घालू नका. भोक मोठं झालं की आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिन चालू राहणं) कायमचं बिघडतं.