लाल, पांढरी, कुठलीही: तुम्ही चाखलेली वाईन

नान्नजची लेक
परवा भाऊ पुण्याहून आला, येताना फ्राटेली कंपनीची सांजिओवेसे ही लाल वाईन घेऊन आला. अकलूजजवळच्या मोटेवाडीची म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली बाटली, पुण्याला जाऊन सोलापुरात परत आली! पेल्यात ओतली आणि वासानेच बाबा आठवले. आमची बाग सोनाका आणि थॉमसन या खायच्या द्राक्षांची. एकदा अकलूजकडचे पाहुणे वाईनच्या द्राक्षाचा घड घेऊन आले होते. बाबा म्हणाले, "एवढुसा मणी, जाड साल, आत बिया. हे खायचं कुणी?" मग एक मणी तोंडात टाकला आणि गप्पच झाले. गोडी आमच्या मालापेक्षा जास्त! खायचा माल आपण १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास उतरवतो, वाईनचा २२-२४ पर्यंत वेलीवर ठेवतात.
चवीचं सांगायचं तर आधी चेरीचा आंबटपणा, मग जीभ कोरडी पडते, जांभळं खाल्ल्यावर पडते तशी. मला ती कोरड फार आवडली. बाबांना एक घोट द्यायला हवा होता.
तुम्ही काय काय चाखलंय? महाग, स्वस्त, आवडलेली, नावडलेली, सगळं लिहा.

सातरस्ता
गोव्याची पोर्ट. दुसरं काय! कॉलेजची ट्रिप गेली की तीच यायची. वाईन म्हणजे गोडच असते असं कितीतरी वर्षं वाटायचं. मग नाशिकला सुलाची शेनिन ब्लँक ही पांढरी वाईन घेतली. पेरूचा वास, गोडी अगदी नावापुरती. अजून तीच आवडते. बायकोला सॉव्हिन्यॉ ब्लँक ही दुसरी पांढरी लागते, त्यात मला नुसती ढोबळी मिरची येते. घरात दोन पक्ष आहेत 😄

शेंगाचटणी
कॅबरने, शिराझ असल्या दणकट लालबरोबर आपली शेंगा चटणी नको ओ. तिखट आणखी पेटतं, वाईनही कडू लागते. थंडगार शेनिन घ्या, कडक भाकरी, चटणी, वर दही. लई भारी जमतं. हॉटेलात चीजबरोबर देतात ते ठीक आहे, पण आपल्या जिभेला आपलं ताट लावून बघायला पाहिजे की.

जुळे सोलापूर
+१ शेंगाचटणी.
अजून एक, लाल वाईन रूम टेम्परेचरला प्या म्हणतात ना, ती रूम युरोपातली. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ आणि घरात पंखा गरम वारा फेकतो. त्या बाटलीतून नुसता अल्कोहोलचा भपका येतो. फ्रिजमध्ये ठेवा, १६-१८ अंशाला आली की तीच वाईन वेगळी लागते. पांढरी ८-१० ला. कुलर चालू करून बसलो आहे, लाईट गेली तर पुढचं उद्या लिहितो.

आजीचा बटवा
मी घेत नाही. पण नान्नजच्या ताई, बाबांचं वाचून डोळे भरले. आमचीही बाग होती, माल ऐन उतरायला आला आणि अवकाळी झाला, मणी तडकले. त्या वर्षीनंतर वडिलांनी बाग काढून टाकली.
बाटल्या फेकू नका, मनी प्लांट छान वाढतो.

अकलूज रिटर्न
मोटेवाडीला जाऊन आलोय. तोडणी भल्या पहाटे चालते, ऊन चढायच्या आत माल आत गेला पाहिजे. ताई म्हणतात ती कोरड सालीची आणि बियांची. लाल वाईन सालीसकट आंबवतात, रंगही तिथूनच येतो. पांढरीला रस आधीच वेगळा काढतात म्हणून ती मऊ लागते. फ्राटेलीची सेत्ते चाखा. सांजिओवेसे आणि कॅबरने एकत्र करून ओकच्या पिंपात मुरवलेली. पहिला घोट मला कडक वाटला, तासभर उघडी ठेवल्यावर काय खुलली! नंतरच्या पेल्यात व्हॅनिला, काळी मिरी, सगळं आलं. महाग आहे, पण लग्नाच्या वाढदिवसाला ती घेतोच.

सातरस्ता
@अकलूज रिटर्न मटणाबरोबर?

अकलूज रिटर्न
काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर नको. शीक कबाब किंवा सुकं, तेही तिखट कमी.

होटगी रोड
विषय सोडून विचारतो, ताई तुमची सोनाकाची बाग अजून आहे का? कलमासाठी काडी पाहिजे होती. बेदाण्यासाठी एक एकर लावायचा विचार आहे.

नान्नजची लेक
आहे ना दादा, धाकटा भाऊ बघतो. ज्यावर कलम बांधायचं ते खुंट लावलेत का आधी? आमचं सगळं डॉगरिज जातीच्या खुंटावर आहे. खुंट तयार असतील तर ऑगस्टअखेर या, काडी देते.
@आजीचा बटवा मावशी, तुम्ही पण या त्यांच्याबरोबर. बागेत बसून जेवू.

होटगी रोड
खुंट जूनमध्ये लावलेत, अजून बारीक आहेत. मग पुढच्या ऑगस्टला येऊ का?

नान्नजची लेक
पुढच्याच या. पेन्सिलीएवढी जाडी झाल्याशिवाय कलम करू नका.