मदत हवी आहे: आईच्या हिरड्या आणि बंड्याची दाढ (नेरुळ)

नमस्कार मंडळी. माणूस आणि कुत्रा दोघांचं एकाच धाग्यात विचारतोय, सांभाळून घ्या. घरात दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात उपटले आणि आता एकमेकांत असे अडकलेत की वेगळे करता येईनात.

आधी बंड्या. स्पिट्झ, वय ९, वजन साडेदहा किलो. दोन-तीन महिन्यांपासून तोंडाला घाण वास यायचा. कुत्र्याचं तोंड, वास येणारच, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग तो एकाच बाजूने चावायला लागला. ज्वेल ऑफ नवी मुंबईला रोज फेरी असते, तिथे चेंडू तोंडात धरेना. ओठ वर करून बघितलं तर वरची मागची मोठी दाढ किटणाने पार झाकलेली, हिरडी लालभडक. व्हेट म्हणाले, पूर्ण भूल देऊन साफ करावं लागेल, एक्स-रे काढू, दाढ वाचेल का ते तेव्हाच कळेल. या वयात भूल म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. त्यात बिल्डिंगमधल्या एकाने ग्रूमिंगवाला सुचवला. घरी येतो, भूल न देता अर्ध्या तासात दात पांढरेशुभ्र करतो, पैसेही बरेच कमी.

आता आई. वय ६८, बीपीची गोळी चालू, शुगर काठावर. साताऱ्याकडची, त्यामुळे मशेरी लग्नाआधीपासूनची. खालचे पुढचे दोन दात हलतात, हिरड्या खाली सरकल्यात. डॉक्टरकडे चल म्हटलं की मावशीचं उदाहरण तयार: "तिचे दात साफ केले आणि वर्षात ३ पडले. माझं तर साधं रक्तसुद्धा येत नाही." बंड्याचं कळल्यावर म्हणाली, "त्या मुक्या जिवाचेही पाडा आता."

तर भूल द्यावी की नाही? आणि दात साफ केल्याने खरंच सैल होतात का?

करावेकर: ग्रूमिंगवाल्याच्या नादी लागू नका, मी लागले होते. आमच्या कुत्रीचे दात बिनभुलीचे खरवडून घेतले. कुठे ते लिहीत नाही. इतके छान दिसायला लागले की मी फोटो काढले. ७-८ महिन्यांनी डोळ्याखाली गाठ आली. आम्हाला वाटलं काही चावलं असेल. निघालं काय, तर वरच्या त्याच मोठ्या दाढेच्या मुळाशी पू. तिची मुळं जवळपास डोळ्याखालपर्यंत जातात, हे तेव्हा कळलं.

दिसतं ते किटण निघालं, पण रोग हिरडीच्या आत असतो आणि जागं जनावर तिथे हत्यार घालू देत नाही. शिवाय खरवडल्यावर पॉलिश केलं नाही तर दात खरखरीत राहतो, त्यावर पुन्हा थर लवकर चढतो. भुलीत श्वासनलिकेत नळी घालतात, म्हणून पाणी आणि घाण फुप्फुसात जात नाही. भुलीत धोका शून्य असतो असं कुणी सांगणार नाही. पण आधी रक्तातून लिव्हर-किडनी बघून घ्या, हृदय तपासून घ्या, आणि त्या वेळी भुलीवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असेल ना, हे तोंडावर विचारा. संकोच करू नका.

शेंगदाणा: आम्ही आमच्या लॅब्राडोरला आपलीच टूथपेस्ट लावतो बुवा. मस्त चालतं.

करावेकर: @शेंगदाणा, आजच बंद करा. कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड आणि फेस आणणारी द्रव्यं असतात. काहींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषच. शुगर धाडकन उतरते, लिव्हर जाऊ शकतं. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते. ती नसेल तर नुसता ओला ब्रश.

दंतकथा: दातांचीच डॉक्टर आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

"रक्त येत नाही" हे काकूंच्या बाबतीत चांगलं लक्षण नाही. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. एरवी ब्रश करताना रक्त आलं असतं आणि माणूस घाबरून आमच्याकडे आला असता. मशेरीवाल्यांच्या हिरड्या वरून शांत दिसतात आणि आतलं हाड झिजत राहतं.

मावशींचं म्हणाल तर हे मी दिवसाला दोनदा ऐकते. हाड आधीच गेलेलं असतं आणि किटण दोन दातांमध्ये सिमेंटसारखं बसून त्यांना धरून ठेवतं. ते काढल्यावर दात हलताना *कळतो*. साफ करून तो हलायला लागत नाही. नुसती हिरडी सुजली असेल तर ती पूर्ववत होते, गेलेलं हाड मात्र सहसा परत येत नाही, आहे तेवढं राखता येतं.

नेरुळलाच आहात तर डी. वाय. पाटील किंवा तेरणा डेंटल कॉलेजच्या ओपीडीत हिरड्यांच्या विभागात दाखवा. विद्यार्थी करतात, वर शिक्षक असतात. वेळ लागतो, सकाळ मोकळी ठेवून जा. तिथे बारीक पट्टीसारख्या प्रोबने प्रत्येक दाताभोवती ६ ठिकाणी खोली मोजतील. ३ मिमीपर्यंत ठीक, त्यापुढे खिसा, म्हणजे हिरडी दातापासून सुटलेली. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून न्या. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर आटोक्यात येऊ देत नाहीत. बीपीची गोळी कोणती तेही सांगा, अॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात. आणि गोळी मनाने बंद करू नका, हे काकूंना दोनदा सांगा.

धागाकर्ता: दोन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व.

रक्ताचे रिपोर्ट बरे आले, मग धीर करून बंड्याला भूल दिली. ते दोन तास मी बाहेर रिक्षावाल्याशी क्रिकेटवर काय बोललो ते मला आठवत नाही. ती दाढ काढावी लागली, बाकीचे वाचले. संध्याकाळी झिंगल्यासारखा घरी आला, चौथ्या दिवशी भिजवलेली पोळी दोन्ही बाजूंनी खाल्ली.

खरी गंमत एक्स-रेची. दाढ वरून धडधाकट आणि मुळाभोवती काळी पोकळी. व्हेटने शेजारच्या दाताचं हाड दाखवलं, मग हे दाखवलं. आई बराच वेळ मोबाईलवर तो फोटो मोठा-लहान करत बसली. मग म्हणाली, "म्हणजे सुमीचं आतलं हाडच गेलेलं." सुमी म्हणजे मावशी. दुसऱ्या दिवशी साडेआठला तयार होऊन बसली होती.

कॉलेजात त्या दोन दातांपाशी ६ आणि ७ मिमी निघाले. हिरडीखालची सफाई दोन बैठकांत करणार, दात शेजारच्यांना तारेने बांधून ठेवू म्हणतात. बंड्याला रोज रात्री बाहेरच्या बाजूने ब्रश, तेही आईच करते. मला तो चावतो.

अडलंय ते मशेरीवर. तीन वेळांची एक झाली. सकाळची सुटत नाही, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते. कुणाच्या घरी सुटली असेल तर सांगा.

दंतकथा: पोटाचं ते सवयीचं आहे, निकोटीनने आतडी हलतात. उठल्यावर कोमट पाणी आणि थोडं चालणं, १५ दिवस त्रास होईल. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा मोफत नंबर आहे, तुम्ही लावून द्या, बोलू द्या त्यांना.

शेंगदाणा: आधी हे सांगा, भाजायला तंबाखू काकूंना आणून कोण देतं?

धागाकर्ता: मीच. जुईनगरहून.