अनुभव धागा: सायकल, बैलगाडी, हातगाडी... तुम्हाला कोणी धडक दिली आहे का?

खाजणकाठची:
सकाळी सोसायटीत एका पोराची सायकल पोटरीला लागली. खरचटलं फक्त, पण डाव्या पावलातली जुनी कळ जागी झाली. म्हणून हा धागा. मोटारी-बाइकचे अपघात नकोत, ते रोज वाचतोच. चालताना बिनइंजिनाच्या वाहनाने पाडलं असेल तर लिहा.

माझं हर्णै बंदरातलं, १९९१ सालचं. मी नऊ वर्षांची. संध्याकाळचा लिलाव रंगात आलेला. होड्या थोड्या आत थांबतात आणि बैलगाड्या पाण्यात जाऊन मासळी काठावर आणतात, पाहिलं असेल तुम्ही. मी एका सुरमईचा डोळा बघत उभी. बैलांच्या गळ्यात घुंगरं होती म्हणे, पण त्या गलक्यात कोणाला ऐकू येणार! आणि ओल्या वाळूत चाक वाजत नाही. पावलावर काहीतरी गार टेकलं आणि पाऊल सावकाश रुतत गेलं. दुखलं नंतर. आधी नुसतं नवल वाटलं.

दापोलीचे डॉक्टर म्हणाले, खाली वाळू होती म्हणून निभावलं, डांबर असतं तर चटणी झाली असती. दोन हाडं, सहा आठवडे प्लास्टर. बाबा गाडीवानाला एक शब्द बोलले नाहीत, मला मात्र भरपूर. गाडीवान काका प्लास्टर निघेपर्यंत दर आठवड्याला मासे घेऊन यायचे. आमच्याकडे मासे शिजत नाहीत, हे सांगायला आईची जीभ रेटली नाही.

फणसाचा_गरा:
मग मासे कोणी खाल्ले? मुख्य प्रश्न हा आहे.

खाजणकाठची:
शेजाऱ्यांनी. मी बरी होऊच नये असं त्यांना वाटत असणार 😄

माडाखालचो:
आमच्याकडे पाववालो येय सायकलीर, पों पों करीत. त्या दिवशी हॉर्नाचो फुगो फाटलेलो. मी बेड्यातसून भायर इलंय तो थेट त्येच्या टोपलीत. हाडां शाबूत, पाव सगळे चिखलात. आजयेन पावाचे पैशे दिल्यान आणि माका दोन धपके.

उताराचा_माणूस:
रत्नागिरी, मिरकरवाडा. बर्फाच्या लाद्यांची हातगाडी. उतारावर माणूस गाडी ओढत नाही, गाडीच माणसाला ओढते. तो बिचारा "बाजू, बाजू" ओरडत होता, मी कानाला मोबाइल लावून. कंबरेत बसली. वर बर्फ मोफत मिळाला शेकायला.

सायलीचा_वेल:
शेकायला बर्फ?? 😂

नोंदवहीवाली:
मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात आहे. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार-दुखापतींना कोड देणाऱ्या जागतिक यादीत, तुम्हा सगळ्यांसाठी कोड आहेत. पादचाऱ्याला सायकलची धडक म्हणजे व्ही०१. बैलगाडी, घोडागाडी, स्वारीचा घोडा आणि ट्राम सगळे व्ही०६ मध्ये. पण केसपेपरवर नुसतं "पडून मार" लिहून येतं, मग मी कुठला कोड टाकू?

फणसाचा_गरा:
ट्राम! मुंबईची १९६४ लाच बंद झाली. तुमच्याकडे केस आली तर कळवा.

नोंदवहीवाली:
नक्की. हातगाडीवाल्या दादांचं काय करायचं ते बघते, डबा खाऊन.

चिऱ्याचा_गडगा:
सगळे हसताहेत म्हणून लिहावं की नाही कळेना. आई, वय ७४, देवळातून परत येत होती. श्रावणातला पाऊस, लाल मातीचा उतार, शेजारचा आठवीतला मुलगा सायकलवर. रिम भिजली की ब्रेकचे रबर धरत नाहीत, त्याने दोन्ही ब्रेक दाबलेले होते, मी स्वतः पाहिलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, वॉकर. मोटार असती तर थर्ड पार्टी विमा तरी असता, सायकलला कसला विमा! आणि पैसे मागणार कोणाकडे? त्यांच्या घरातूनच तर आमच्याकडे विरजण येतं. आई त्या मुलाला हाक मारून लाडू देते. त्याची आई मात्र अजून आमच्या अंगणातून जात नाही, मागच्या पाणंदीने जाते.

खाजणकाठची:
वाचून गलबललं. आईंना नमस्कार सांगा. आता कशा आहेत?

चिऱ्याचा_गडगा:
खळ्यापर्यंत चालतात. देऊळ लांबून.

अलिबागकर_८२:
आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या जातात. पर्यटक पाठ करून सेल्फी काढतात, घोडा बिचारा काय करणार. बाकी बैलगाडीच्या शर्यती परत सुरू झाल्यात हे बरं, बंदीमुळे २०१४ ते २०२१ नुसता शुकशुकाट होता. आमच्या आळीतली जोडी

अलिबागकर_८२:
अर्धवटच गेलं. शर्यतीत दोर ओलांडून पुढे उभा होतो, जुवाचं टोक खांद्याला लागलं. चूक माझीच.

माडाखालचो:
जोडयेचा काय झाला पण?

अलिबागकर_८२:
पहिली आली. मी दवाखान्यात होतो, बघायची राहिली.

सायलीचा_वेल:
गणपतीला जाताना दादर-सावंतवाडीचं कन्फर्म तिकीट कोणाला मिळालंय का? विषय सोडून आहे, सॉरी. मला मांजरानेसुद्धा धडक दिलेली नाही.