कॅल्शियम सल्फेटचे मणी: तो स्राव पू असतो का?
हाडाच्या जंतुसंसर्गात अँटिबायोटिक मिसळलेले कॅल्शियम सल्फेटचे मणी भरल्यावर जखमेतून पांढरट पाणी येतं, तो पू का, असा प्रश्न आहे. बहुतेकदा नाही, मणी विरघळताना असा स्राव येतो. मणी जास्त भरले किंवा त्वचेच्या लगत ठेवले तर वाढतो. ताप, लाली, चढतं सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) दिसलं तर मात्र स्रावाचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, पाठवाच.

मणी बनवताना मिश्रणाचा क्रम पाळा. कॅल्शियम सल्फेटच्या 10 सीसी संचात व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक 1 ग्रॅम आधी कोरडंच पावडरीत मिसळायचं, मग जेंटामायसिन हे दुसरं अँटिबायोटिक 240 मिलिग्रॅम, म्हणजे 40 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणाचे 6 मिलिलिटर. वर आणखी पाणी घातलं की लगदा पातळ राहतो, मणी नीट धरत नाहीत. आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णात क्रिएटिनिनबरोबर (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) रक्तातलं कॅल्शियमही तपासा. हे फार वेळा राहून जातं.